वहिनी बाहेरगावी गेल्यात

गप्पांचा फड रंगवण्यात मी कुणाला ऐकत नाही, हे तुम्ही जाणताच. पण ही गोष्ट माझ्या तोंडून कुणीच ऐकलेली नाही — बायकोनेही नाही.

नगरमध्ये मी बायकांचं मासिक चालवतो. त्यातल्या ‘वहिनीचा सल्ला’ या सदरातली वहिनी — मीच. चांगली मिशीवाली! कॉलेजच्या नाटकात एकदा लुगडं नेसलो, ते जणू उतरवलंच नाही. पत्रं आली नाहीत तर तीही मीच लिहायचो. काय मजा यायची म्हणून सांगू.

चार वर्षांपूर्वी मात्र एक खरं पत्र आलं. नेवाशाकडच्या एका सुनेचं. दोन मुली. सासूला नातू हवा, आणि हिने गुपचूप तांबी बसवून घेतलेली. घरात सांगू का — एवढंच विचारलं होतं. मोबाईल नवऱ्याकडे असतो, म्हणून सोबत उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट, त्यावर अंगणवाडीच्या बाईंचा पत्ता. आणि शेवटी — वहिनी, हे छापू नका.

मी छापलं.

नाव बदललं, गाव बदललं. पण पत्रात एक वाक्य होतं : घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या एकशिंगी म्हशीला सासू रोज गूळ चारते आणि मला म्हणते, दरसाल विते, हिच्याकडून शिक. असं वाक्य कुणाला सोडवेल? मला नाही सोडवलं. आणि ती म्हैस तर अख्ख्या गावाला ठाऊक.

पंधरा दिवसांनी ती सून माझ्या ऑफिसात उभी. कडेवर धाकटी, हातात पिशवी, ओठ सुजलेला. घरातून काढलं होतं. थोरलीला सासूने ठेवून घेतलेलं. वहिनी कुठायत, म्हणाली.

मी सांगितलं, बाहेरगावी गेल्यात.

का सांगितलं? दोन गल्ल्यांपलीकडे बायकांचं वसतिगृह होतं, तिथल्या बाई माझ्या ओळखीच्या. पण तिला तिथे न्यायचं, तर सगळी हकीकत सांगावी लागणार, वहिनी कोण हे उघडं पडणार — मी चहा मागवला. फक्त चहा. चार वाजेपर्यंत ती बाकावर बसून होती, दाराकडे बघत.

उठताना म्हणाली, “वहिनींना सांगा, नाव बदललं ते बरं केलं. म्हस तेवढी ऱ्हाऊ दिली.”

आता कुठे जाणार, मी विचारलं.

“थोरली तितं हाय. जाते परत.”

पुढच्या अंकात वहिनीने लोणच्याला बुरशी का येते ते सांगितलं. छान जमलं होतं.

ते पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिकीट लावलेलं, पत्ता घातलेला. रिकामं.