भाकरीचं गाव

कुणी पिशवी घेऊन निघालं की अक्का ओट्यावरूनच अहिराणीत विचारायच्या, “ते गाव भाकरीनं शे का दशमीनं?”

जळगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या या अक्कांचं माहेर नरडाण्याचं. किलोमीटर वगैरे त्यांना मान्य नव्हते. तव्यावरची भाकरी कडक व्हायच्या आत जिथं पोचता येतं, ते भाकरीचं गाव. त्यापलीकडचं दशमीचं, कारण दुधात मळलेली दशमी दोन दिवस मऊ राहते. पाचोरा, यावल, धुळं, अगदी माहेरचं नरडाणाही भाकरीची, मुंबई दशमीची. एकदा यावलची एसटी वाटेत बंद पडली आणि शिदोरी वाळून गेली, तर पुढं महिनाभर त्यांनी यावलला दशमीच्या गावांत ढकललं होतं. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता. अक्काही हसायच्या, पण निकाल बदलायच्या नाहीत.

एक नियम मात्र चेष्टेतला नव्हता. लेक द्यायची ती भाकरीच्या गावालाच. आणि त्यांच्या सुमनला नेमकं दुबईत नोकरी करणाऱ्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा सुमनला आवडला, तिच्या वडिलांनाही पसंत पडला. अक्का अडून बसल्या. समुद्रापलीकडं दिलेल्या लेकीचं तोंड पुन्हा कधी दिसायचं, म्हणून डोळ्यांना पदर लावायच्या. आठवडाभर त्या घरात कुणी धड जेवलं नाही.

मी तेव्हा विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात होतो, म्हणून सुमननं मला मध्ये घातलं. मी जाऊन अक्कांना सांगितलं की मुंबईहून दुबईला विमानानं तीन तास लागतात.

भाकरी थापणारा हात थांबला. धुळ्याला गाडी बदलून माहेरी जायचा त्यांचा रस्ता त्यांच्या डोळ्यांसमोर आला असावा.

“नरडाणाले तं चार तास लागतस,” त्या म्हणाल्या. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “मंग दुबई भाकरीनंच गाव शे.”

मुंबई गाठायलाच रात्र जाते, वर विमानतळावर ताटकळावं लागतं, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुमननं डोळे वटारले. मी पाणी मागितलं. लग्न धूमधडाक्यात झालं.

आज अक्का नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला सुमनचं पहिलं माहेरपण दिसतं. टांग्यातून उतरली ती थेट आईकडं धावली आणि पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली. दुबईतून निघताना स्वतः भाजलेली. सगळी गल्ली जमली होती. अक्कांनी तिचा काठ बोटांनी दाबून पाहिला. तो कटकन मोडला.

सुमनचा चेहरा उतरला. आम्ही एकमेकांकडं पाहू लागलो. अक्कांनी तो तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला, आणि लेकीच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या,

“आजूनबी नरम शे, माय.”