वाटीतली माळ

आमची आई माळकरी. लग्नाआधीपासून तिच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि शेजारी अंडं फोडलं तरी हिला इकडे वास लागायचा. अशा बाईला मी आठ महिने माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या, आणि ताकदीच्या आहेत म्हणून सांगितलं. हे लिहितानाही मान खाली जाते.

आठवड्यातून तीनदा तिला विद्यानगरहून मलकपेठला डायलिसिसला न्यावं लागतं. पहिल्याच वर्षी तिच्या डाव्या हातातली नस, जिच्यात मशीनच्या सुया टोचतात, ती रक्ताची गाठ होऊन बंद पडली. ऑपरेशन करून ती मोकळी केली, पण मी धसका घेतला तो घेतलाच. फोनवर वाचत बसायचो. माशाच्या तेलानं ही नस उघडी राहते, असं कुठंतरी वाचलं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फायदा होईलच असं खात्रीनं सांगता येत नाही; द्यायच्या तर द्या, पण आईंना विचारून. मी त्यातलं ‘द्या’ एवढंच ऐकलं.

विचारलं तर ती नाही म्हणेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी त्या गोळ्या व्हिटॅमिनच्या जुन्या डबीत भरल्या. बायको म्हणाली, हे बरं नाही. मी तिच्यावरच डाफरलो. घरात अक्कल काय ती मलाच, असा तेव्हा माझा तोरा होता.

गोळी चांगली बोराएवढी. आईला दिवसाचं पाणी मोजून मिळतं, आणि त्यातले दोन मोठे घोट या गोळीवरच खर्च व्हायचे. वर ढेकर यायचे. तोंडाला कसलातरी वास येतोय रे, असं ती सुरुवातीला एकदोनदा म्हणाली. पित्त असेल, असं मी बेधडक सांगितलं. नंतर तिनं ते बोलणं सोडलं, आणि मला वाटलं, पित्त गेलं.

डायलिसिसला आईच्या शेजारच्या पलंगावर एक मुसलमान बाई असतात; सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. परवा मी आईच्या पायांवर चादर घालत होतो, तर त्या मला म्हणाल्या, “बेटा, अम्मा को वो मच्छी के तेल से कुछ फायदा है क्या? मेरेकू तो कुछ फरक नहीं दिस्ता.”

तुम्हाला कसं कळलं, असं मी कसंबसं विचारलं. खाला सहज सांगू लागल्या. पहिल्याच महिन्यात अम्मांनी एक गोळी रुमालात बांधून आणली होती. हे काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा खालांनी आपल्या पिशवीतली तसलीच गोळी काढून दाखवली होती. आई डोळे मिटून पडली होती. झोपलेली नव्हती.

परतताना रिक्षात माझं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं. माळ नव्हती. रोज तिच्यासमोर बसून जेवणाऱ्या मला इतके महिने ते दिसलं नव्हतं. नैवेद्य दाखवायचं काम तिनं सुनेवर सोपवलं होतं, तेही मी थकव्यावर ढकललं होतं.

माळ कुठंय, मी विचारलं.

“देव्हाऱ्यात. वाटीत ठेवलीय,” ती म्हणाली. “ते पोटात जात असताना गळ्यात कशी ठेवू?”

“मग गोळी घेत कशाला राहिलीस? मला म्हणायचं ना.”

ती बाहेर बघत म्हणाली, “म्हणले असते तर तुला माझ्यासमोर उभं राहता आलं नसतं.”

डॉक्टरांना सांगितलं, तर ते कागदावरची नजरही न काढता म्हणाले, बंद करा, काही बिघडत नाही. एवढं सोपं होतं ते. डबी मी टाकून दिली. आईचे पाय धरले, माळ घाल म्हणालो. बघू, म्हणाली. माळ अजून वाटीतच आहे.

बाकीच्या गोळ्या अजून मीच देतो. ती हात पुढे करते, गोळीकडे बघते, मग माझ्याकडे बघते, आणि काही न विचारता गिळते. तिनं एकदा तरी विचारावं, यात काय आहे म्हणून, असं मला रोज वाटतं. ती विचारत नाही.