बिनचावीचं डावं दार

गेल्या आठवड्यात नातीच्या नव्या गाडीचा रिमोट बिघडला. बटण दाबलं की तीन दारं उघडायची, डावीकडचं पुढचं तेवढं हूं की चूं करायचं नाही. (नात म्हणजे माझ्या भावाची नात, पण नाक माझ्यासारखं, म्हणून माझीच.) सेल बदलून झाला, मोबाईलवर व्हिडिओ पाहून झाले. मी खुर्चीत बसून हसत होते, तर ती चिडली. "आजी, तुला काय कळतं लॉकमधलं?" म्हणून हे लिहायला घेतलं. एका बिघडलेल्या लॉकपायी मी एकेकाळी आख्खी वही भरली आहे.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा घेतलेल्या वडिलांची मी लेक. आमच्या घरात भूत हा शब्द फक्त चेष्टेत यायचा. त्यात बी.एस्सी., आणि चामोर्शी तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. लॉजिक माझ्या नाकावर चष्म्याच्याही पुढे बसलेलं असायचं.

साल चौऱ्याऐंशी असेल. नवरा गुरांचा डॉक्टर, ब्रह्मपुरीकडचा. त्याची एक जुनी राखाडी गाडी होती. चावी लागायची फक्त उजव्या, ड्रायव्हरच्या दाराला. डाव्या दाराला चावीचं भोकच नव्हतं. आत काचेखाली एक खुंटी होती, ती आतून वर ओढली तरच ते दार उघडायचं. म्हणजे हा आधी आत बसणार आणि मग वाकून माझी खुंटी ओढणार. पण सरळ ओढेल तर तो माणूस कसला... मी काचेवर दोनदा टकटक करायची, आणि हा आतून गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "कोन पायजे?" भर बाजारात मी उभी. "डॉक्टरची बायको" असं म्हटल्याशिवाय खुंटी वर यायची नाही. मी दरवेळी चिडायची. लग्नाची तीनच वर्षं मिळाली, आणि त्यातली बरीचशी या बाईनं फुरंगटून घालवली.

पावसाळ्याच्या शेवटी तो गावोगाव लसी टोचत फिरला आणि ताप घेऊन घरी आला. मेंदूचा मलेरिया निघाला. चौथ्या दिवशी गेला.

मूलबाळ नव्हतं. नागपूरहून दादा आला. म्हणाला, सुमन, गाडीला राजुऱ्याचं गिऱ्हाईक आहे, ती विकू आणि तू घरी चल. मी म्हटलं, बघू. गाडी मला नवऱ्यानंच शिकवली होती, मार्कंड्याला नदीकाठी, जत्रा नसेल तेव्हा. घरापासून शाळा सहा किलोमीटर, मध्ये सगळा सागवान. मी एकटीच गाडीनं जाऊ-येऊ लागले. बाई गाडी चालवते म्हणून लोक पाहायचे; बोलायचं मात्र कोणी नाही.

शाळा सुटली की मी कडुनिंबाखाली गाडीकडे जायची आणि सवयीनं डाव्या दारापाशी उभी राहायची. चावी हातात, आणि मॅडम वाट बघतायत कोणी उघडेल म्हणून... असंच एकदा भानावर यायच्या आत हात हँडलला लागला — आणि दार उघडलं.

त्या दारानं महिनाभरात कोणी चढलं-उतरलं नव्हतं. तिथे बसणारी मीच, आणि मी आता उजवीकडे बसत होते.

झालं, मॅडमनी वही काढली. तारीख, वेळ, खुंटी वर की खाली, कारण. सकाळी खुंटी दाबून पक्की बघायची. एकदा वर्गाच्या खिडकीतून दिवसभर गाडीवर नजर ठेवली. कोणी फिरकलं नाही, आणि पाच वाजता तपासायला गेले तर दार बंद. दुसऱ्या दिवशी पेपरांचा गठ्ठा सांभाळत, भलत्याच विचारात डावीकडे गेले — उघडं. मग नवऱ्याच्या बॅगेतली चिकटपट्टी खुंटीवर आडवी लावली. चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी दार उघडं, आणि पट्टी डॅशबोर्डवर, घडी घालून. मी 'कारण' या रकान्यात लिहिलं — गोंद कमी. आणि या बाईला लोक हुशार म्हणायचे.

शेवटी गुलाबभाऊ मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी दाराचा आतला पुठ्ठा काढला, लॉक बाहेर काढून साफ केलं, ग्रीस लावलं, कितीतरी वेळ खालीवर करून पाहिलं. मग हात पुसत म्हणाले, "बाई, खराबी काईच नाई. स्प्रिंग टाईट हाये. हे खुंटी आपल्या मनानं वरते येऊच शकत नाई."

"मग येते कशी?"

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "डॉक्टरसाब उघडून देत होते ना तुमाले... बजारात पाह्यलं आहे आमी. मंग राहू द्या ना, बाई. काऊन दुरुस्त करून राह्यल्या?"

मी रागानं पुठ्ठा बसवून घेतला आणि निघाले. घरी येऊन दादाला पत्र लिहिलं — दाराचं लॉक बिघडलं आहे, दुरुस्त झाल्याशिवाय गाडी विकता येणार नाही. वर्षभर हेच लिहीत राहिले. वहीतल्या नोंदीही हळूहळू थांबल्या. दिवसभरात माझ्यासाठी कोणी काही करत असेल, तर ते एवढंच होतं.

दुसऱ्या वर्षीच्या वार्षिक परीक्षा संपल्या त्या दुपारी मी गाडीकडे गेले, चावी लावली, बसले, निघाले. अर्ध्या जंगलात लक्षात आलं, मी सरळ उजवीकडे गेले होते. डावीकडे उभी राहिलेच नव्हते. शेजारी पाहिलं. खुंटी खाली.

त्यानंतर ती कधीच वर आली नाही. मी रोज डावीकडे जायची, विसरल्याचं सोंग करून, मुद्दाम भाजीपाल्याचा विचार करत. दार बंद. एकदा तर शाळेच्या आवारात काचेवर दोनदा टकटक केलं आणि "डॉक्टरची बायको" असं म्हटलंसुद्धा. शिपाई बघत होता. आतून कोणी काही विचारलं नाही. मग वळसा घालून उजवीकडे गेले.

त्या आठवड्यात दादाला कळवलं, लॉक ठीक झालं आहे.

वही अजून माझ्याकडे आहे. परवा नातीला दाखवली. 'कारण' हा रकाना मी चाळीस वर्षांत कितीदा तरी उघडून बसले आहे. त्यात 'गोंद कमी' सोडून अजूनही काही नाही.