विहिरी नसलेलं गाव

आमच्या चुलतसासऱ्यांइतका घरात बसून गाव फिरलेला माणूस अख्ख्या डहाणूत दुसरा झाला नसेल. शेवटची चार-पाच वर्षं ते बाजारात गेले नाहीत, देवळात गेले नाहीत, कुणाच्या लग्नाला तर नाहीच नाही. पण सकाळचा चहा झाला की गावातून एक फेरी मारून येत. ही फेरी भिंतीवर होती. कुठल्याशा कचेरीची रद्दी निघाली, त्यात त्यांना विमानातून काढलेला आपल्या गावाचा जुना फोटो सापडला होता. काळा-पांढरा, खिडकीएवढा मोठा. काका जन्मभर रेल्वेत नोकरी केलेले, वाणगावला सिग्नलचं काम बघत. नोकरी सुटली पण झेंडीची काठी त्यांनी सोडली नव्हती. त्या काठीने ते फोटोतल्या खाडीवरून निघत, किल्ल्याला वळसा घालत, आणि घामाघूम होऊन खुर्चीत बसत. "आज ऊन फार होतं गो," असं मला म्हणत. खोलीत पंखा चालू असे.

काकू गेल्यानंतर काका दोन घरं पलीकडे एकटेच राहत. दुपारचा डबा मी नेऊन द्यायची. मी कुणाशी फारसं बोलत नाही, आणि काकांना तेच आवडे. "आपल्या घरात बोलणारे पुष्कळ आहेत सूनबाई, बघणारी तू एकटी," असं म्हणून ते मला फोटोसमोर स्टुलावर बसवत. फोटोचे नियम कडक होते. चपला बाहेर. दुपारी मोठ्याने बोलायचं नाही, गाव झोपलेलं असतं. फोटोवर बोट ठेवायचं नाही, "घरात माणसं आहेत, छपराला धक्का लागतो." टाचणीचं तर नावही काढायचं नाही. जी जागा ओळखू आली तिथे भाताच्या शिताने हिरव्या कागदाचा कपटा चिकटवायचा, जिथे वाद असेल तिथे तांबडा. एका पावसाळ्यात कौलातून गळायला लागलं, तर काकांनी घरातली एकुलती एक छत्री फोटोवर उघडून बांधली आणि स्वतः कोपऱ्यात भिजत बसले. मी टॉवेल दिला, तर आधी फ्रेम पुसली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण काकांना त्या फोटोत एक माणूस शोधायचं होतं, आणि ते सापडल्याशिवाय त्यांना मरायचं नव्हतं. ते विमान त्यांनी लहानपणी स्वतः पाहिलं होतं. आई परसातल्या विहिरीवर पाणी काढत होती, काका ओट्यावर होते. आभाळातून घरघर आली, पंखांची सावली अंगणावरून सरकली, आणि काका घाबरून घरात पळाले. आई तिथेच उभी राहून वर बघत राहिली. पुढच्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. तिचा एकही फोटो कुणी काढला नव्हता. काकांना तिचा चेहरा आठवत नव्हता, आठवत होतं ते एवढंच, की आपण तिला उघड्यावर टाकून पळालो. आमचे हे एकदा म्हणाले, "काका, एवढ्या वरून काढलेल्या फोटोत आई काय टिकलीएवढीसुद्धा दिसायची नाही." काका म्हणाले, "टिकलीएवढी दिसली तरी पुरे रे."

अडचण अशी की फोटोत विहीर नव्हती. काकांचीच नव्हे, कुणाचीच नव्हती. जिथे जिथे विहीर असायला हवी तिथे भाताची उडवी रचल्यासारखा गोल उंचवटा दिसे. आणि घरं जमिनीत खचल्यासारखी. बाजारातला किराणावाला शेठ आपलं जुनं दुकान बघायला आला, आणि बराच वेळ चष्मा वरखाली करून म्हणाला, "अरे काका, आ तो मारी दुकान नथी, आ तो खड्डो छे!" काका रागावले. "पूर्वीची घरं बुटकी होती शेठ. तुझा आजोबा वाकूनच आत जायचा." आगरहून मासे घेऊन येणारी मावशी पाटी दाराबाहेर ठेवून आत डोकावली, तिने एकदा बघितलं आणि पदर तोंडावर धरला. "पाणी कुठून पीत होते रे बाबा हे लोक? ही माणसं जिवंत दिसत नाहीत." तिने त्यानंतर कधी आत पाऊल टाकलं नाही. मासे उंबऱ्यावरूनच देई.

काकांनी मात्र याचंही उत्तर शोधलं होतं. "पाण्याला आपला फोटो काढलेला चालत नाही. विमान येताना बघून विहिरी मिटल्या." हे ते इतक्या शांतपणे सांगत की ऐकताना माझ्या हातातला डबा थंड वाटायला लागे. कधी म्हणत, "ही बैलगाडी काल देवळापाशी होती. आज बघ, नाक्यावर आलीय." मी बघे. आदल्या दिवशी ती कुठे होती ते मला आठवत नसे, आणि आठवत नाही याचीच भीती वाटे. संध्याकाळी घरी जाताना मी दार ओढून घेत असे, तेव्हा आतून काकांचा आवाज येई, "आई, कुठे आहेस? मी दिवा लावतोय."

फोटो टांगताना एक वाद झाला होता. आमचे हे फ्रेम उलटी धरून उभे होते, तर काका ओरडले, "फिरव, फिरव! गावाचं स्मशान दक्षिणेला आहे. ते वर आलं तर गावाच्या डोक्यावर स्मशान. असं गाव मी घरात ठेवणार नाही." म्हणून स्मशान खाली, जमिनीकडे गेलं, आणि वर देवाची फळी राहिली. यात कुणाला काही चुकीचं वाटलं नाही. आपल्यात कुणाला वाटेल?

मग एका हिवाळ्यात जमीन हलायला लागली. तलासरीकडे जास्त. माझं माहेर तिकडचं, भाऊ बायकोमुलांना घेऊन अंगणात ताडपत्रीखाली झोपत होता. आमच्याकडे मांडणीवरची भांडी वाजत. एका दुपारी मी डबा उघडत होते आणि खालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला. मी काकांचा हात धरला, "काका, बाहेर चला." ते म्हणाले, "तू जा. मी एकदा पळालोय." मला त्यांना सोडून जाववेना. खिळा निसटला, फोटो भिंतीवरून घसरला, खाटेच्या गादीवर आपटून फिरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. उलटा. स्मशान वर.

जमीन थांबली. बाहेर लोक एकमेकांना हाका मारत होते. आत आम्ही दोघं फोटोकडे बघत होतो, आणि गाव वर येत होतं. दुसरा शब्द मला सुचत नाही. एकेक घर खड्ड्यातून उठून उभं राहिलं, छपरं उतरती झाली, झाडं फुगली. आणि काकांच्या सगळ्या उडव्या एकामागून एक आत गेल्या, काळ्या, खोल. गावभर विहिरी उघडल्या. आमचे हे धावत आले, त्यांनी बघितलं, आणि म्हणाले, "ऊन दक्षिणेकडून पडलंय. आपण दक्षिण खाली धरली होती, आणि डोळा ऊन वरूनच आलं असं धरतो, म्हणून खोल ते उंच दिसत होतं." ते खरं असेल. पण माझ्या अंगावरचा काटा त्यामुळे बसला नाही.

काकांनी झेंडीची काठी उचलली. खाडीवरून निघाले, किल्ल्याला वळसा घातला, आणि आपल्या परसाच्या ज्या जागेवर इतकी वर्षं तांबडा कपटा होता तिथे थांबले. कपटा नखाने हळूच काढला. खाली विहीर होती. काठावर माणूस दिसत नव्हता, वरून माणूस दिसतच नाही. सावली दिसत होती, एक लांब सावली. तिला चिकटून दुसरी, आखूड.

"पोरी, तुझे डोळे चांगले आहेत," काका म्हणाले. "किती सावल्या?"

"दोन."

"नीट बघ."

"दोनच आहेत काका. एक लहान आहे."

"मी तर ओट्यावर होतो," ते म्हणाले. डब्यातलं वरण निवून त्यावर साय आली. ती लहान सावली कुणाची, हे मला विचारायचं धाडस झालं नाही. ते त्यांनीच ठरवलं. "म्हणजे मी आत पळालो नव्हतो. तिच्याकडे पळालो होतो."

त्यानंतर काका रोज जेवायच्या आधी तो एकच प्रश्न विचारत, आणि मी उत्तर देई, आणि मगच ते पहिला घास घेत. आमच्या यांनी फोटो परत सरळ टांगायचं काढलं, तर काका म्हणाले, "राहू दे स्मशान वर. विहीर दिसतेय ना." फेऱ्या मात्र थांबल्या. बैलगाडी कुठे गेली याची चौकशीही त्यांनी कधी केली नाही. पावसाळ्यात, जेवण झाल्यावर खुर्चीतच गेले. हात थंड होता, पण काठी पडली नव्हती.

फोटो आता आमच्याकडे आहे. घरातली कामं आटोपली की मी त्याच्यासमोर बसते, चपला बाहेर काढून. सावल्या दोन आहेत, रोज मोजते. परवा मला एक पायवाट दिसली, जिथे काकांनी हिरवा किंवा तांबडा, कुठलाच कपटा लावला नव्हता. काकांना आम्ही त्याच दक्षिणेच्या स्मशानात नेलं होतं. पायवाट तिथून सुटते. बोट न लावता मी काठीनेच ती धरली आणि हळूहळू खाली आले, बांधावरून, दोन घरांच्या मधून, काकांच्या परसात. थेट विहिरीपर्यंत जाते ती. आता फोटो असा टांगलेला आहे, की सगळी उतरणच आहे. म्हाताऱ्या माणसालाही जड जाऊ नये.