कमलने बोलावलं उतार बघायला

"उतार झाला! आता येच तू," कमलचा फोन आला आणि मी दुसऱ्याच दिवशी गाडी ठरवली.

कमल माझी कॉलेजची मैत्रीण. दोघींनाही लहानपणी पोलिओ झालेला. मी नांदेडला शिक्षिका. ती निलंग्याच्या पुढं एका छोट्या गावात ब्लाउज शिवते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या सरकारी कचेरीला पायऱ्यांशेजारी चाकाची खुर्ची चढवायला उतार हवा म्हणून तिनं सहा वर्षं अर्ज केले. तोवर तिचे कागद शेजारीपाजारीच आत नेऊन देत.

व्हीलचेअरवरून निघणाऱ्यांसाठी सांगते: एसटीच्या पायऱ्या उंच, म्हणून भाड्याची गाडी घ्यावी. महाग पडते, पण डिकीत खुर्ची मावते. सकाळी सहाला निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. वाटेत आपल्याला जाता येईल असं स्वच्छतागृह एकही नाही, म्हणून मी निघाल्यापासून पाणी प्यायले नव्हते. अहमदपूरला फक्त मुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला. चालक गफूरभाई म्हणाले, "ताई, घोटभर तर घ्या, ऊन लई हाय." मी नको म्हटलं. औशाच्या पुढं शेतं नुसती काळी, भेगाळलेली. रस्त्यावर टँकरच टँकर.

कमल दारातच तीनचाकीवर बसली होती, नवी साडी नेसून. पेन्शनचा कागद मांडीवर. "आज माझा कागद मी देणार," ती म्हणाली.

कचेरीपाशी आलो. उतार खरंच होता, कठडाही होता. आणि वरच्या टोकाला, दाराच्या तोंडाशी, पाण्याची भलीमोठी काळी टाकी. नळाखालून उतारभर बायकांच्या घागरींची रांग.

"ही कोणी ठेवली?" कमलने विचारलं.

शिपाई बाहेर आला. "पक्की सपाट जागा हीच एक हाय, बाई. लोकाला पाणी पाजावं का न्हाई? नवा जिल्हा व्हायलाय, मग मोठी इमारत, लिफ्ट, सगळं येतंय."

रांगेतली एक म्हातारी घागर उचलत म्हणाली, "आम्ही सरकतो गं माय. पर टाकीला कोण हलवावं? आठ दिसानं पाणी आलंय."

कमलने रांगेकडं पाहिलं. तिच्याही दोन घागरी शेजारणीनं त्याच रांगेत लावल्या होत्या.

"आम्ही उचलून नेतो की," रांगेतल्या दोघी पुढं झाल्या.

"न्हाई," कमल म्हणाली.

ती तीनचाकीवरून खाली उतरली. कागद दातांत धरला आणि बाजूच्या पायऱ्या हातांवर चढू लागली. दुपारचे बारा वाजलेले, फरशी तापलेली. नवी साडी मागून ओढली जात होती. मी खाली खुर्चीत बसून होते. तिला हाक मारावी की तिच्या मागं जावं, मला ठरवता आलं नाही. मी बसूनच राहिले.

उघड्या दारातून कागद घेण्याची खिडकी दिसत होती. ती उंच होती. आतून आवाज आला, "कोण हाय? कुणीच दिसंना." मग कमलचा हात वर गेला, कागदासकट.

शिक्का मिळाला. ती तशीच उतरली. तळहात लालभडक, दोन्हींवर फोड. घरी तिच्या भावजयीनं ज्वारीची भाकरी आणि वरण वाढलं. कमलला घास मोडता येईना, म्हणून मी भरवला. ती खाली बघत जेवली.

"पुन्हा अर्ज करू," मी म्हटलं.

"तू कर," ती म्हणाली.

मी केला. महिन्यानं नांदेडला उत्तर आलं: उताराचं काम पूर्ण झालेलं आहे, सबब तक्रार निकाली.

हे लिहायच्या आधी कमलला फोन केला. तळहात बरे व्हायला पंधरवडा गेला. तोवर कात्री धरता आली नव्हती. आता कागद पुन्हा शेजारीणच नेते.

"काम लवकर होतं तसं," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

मग तिनं मशीन सुरू केलं. त्या आवाजात पुढचं काही ऐकू येईना. मी फोन ठेवला.