धड माझं, बाप लोकांचे

आमच्या जोडीदारानं मेलेली जेवढी माणसं उठवून खुर्चीत बसवली, तेवढी सोलापूरच्या कुठल्या मोठ्या डॉक्टरनं वाचवलीही नसतील, आणि बसलेल्यांपैकी एकानंही आजवर तक्रार केलेली नाही. तक्रार करतात ती मागं राहिलेली. "आमचा बाप एवढा काळा नव्हता," "आमच्या आज्याचं नाक असं फेंदारलेलं नव्हतं," हे रोजचं आहे. त्यावर जोडीदाराचं उत्तरही रोजचंच. "मग तवा फुटू का न्हाय काढला?" पुढचा माणूस पैसे मोजतो. साठ-सत्तर वर्षांमागं फोटो काढायला सोलापूर गाठावं लागायचं, आणि सोलापूरला माणूस जायचा तो दवाखान्याला नाहीतर कोर्टाला. दोन्हीकडून फोटो काढण्याजोगं तोंड घेऊन कुणी परतत नसे.

तर ज्यांचा फोटो कधी निघालाच नाही अशांचे फोटो करून देणं, हा आमच्या जळकोटच्या दुकानाचा मुख्य धंदा. जोडीदार माझा लहानपणचा मित्र. चाळीस वर्षं तो सोलापूरच्या एका स्टुडिओत दुसऱ्याच्या हाताखाली होता. आधी ब्रशानं आणि पेन्सिलीनं लोकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण बुजवायचा, पुढं तेच काम कंप्युटरवर शिकला. परत आला तो एक कॅमेरा, दोन दिवे आणि एक काळा कोट घेऊन. कोटाला फक्त पुढची बाजू आहे. मागं नाड्या. बारक्याला ओढून बांधायच्या, जाड्याला सैल सोडायच्या. माझं सायकलीचं दुकान हायवेला लागून होतं. सगळं गाव मोटारसायकलीवर बसल्यापासून त्यात मी आणि एक पंप असे दोघंच उरलो होतो. आमच्या वयाची माणसं पारावर बसून सुनांच्या चुका मोजतात. आम्ही भागीदारीत धंदा काढला. गाळा माझा, कॅमेरा त्याचा. पाटीवर त्याला नुसतं 'फोटो' पाहिजे होतं. मी म्हणालो, एवढ्यानं कुणाला काय कळणार? दोन दिवस वाद घालून मी लिहून घेतलं: 'असलेल्या व नसलेल्या माणसांचे फोटो करून मिळतील.' ती पाटी वाचायला अजूनही ट्रक हळू होतात.

असलेल्या माणसांचे फोटो काढायचा त्याला मनापासून कंटाळा. एकदा एक मास्तर फॉर्मसाठी घाईनं आले. जोडीदारानं त्यांना खुर्चीत बसवलं, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि बाजूला होऊन म्हणाला, "गुरुजी, तुमचं तोंड अजून घरनं आलं न्हाय. च्या घ्या." तोंड येईपर्यंत मास्तरांच्या दोन एसट्या गेल्या. हसणाऱ्याचा फोटो तो काढत नाही. "हसलेला फुटू भिंतीवर दोन वर्सांत शिळा हुतो," म्हणतो. आणि माणूस तो तोंडावरून ओळखतच नाही, कानावरून ओळखतो. नाक बदलतं, गाल बसतात, पण कान घराण्यातला असतो, असं त्याचं शास्त्र आहे. लग्नात, एसटीत, मयतीला, कुठंही तो लोकांच्या मागं उभा राहून कान बघत असतो. नळदुर्गच्या एका ढाब्यावर त्यानं एका ट्रकवाल्याच्या कानाची पाळी धरली आणि विचारलं, "तुमचे चुलते अणदूरला असतेत का?" ट्रकवाला पंजाबचा निघाला. दुसरा कुणी असता तर माफी मागून बसला असता. हा म्हणाला, "मग आमच्या अणदूरचे तुमच्याकडनं आलेले दिसतेत." ट्रकवाल्यानं हसून त्याला लस्सी पाजली. मला नाही पाजली.

पण त्याची खरी करामत निराळी. मेलेल्याचं तोंड आणायचं कुठून? तर त्याच्या पोरांकडून. नात्यातली सगळी बोलवायची, समोर बसवायची आणि त्यांच्यात भांडण लावून द्यायचं. "भांडताना मानसाच्या तोंडावर त्याचा बाप येतो," हा त्याचा सिद्धांत. नळदुर्गचे दोन भाऊ आणि त्यांची थोरली बहीण वडलांच्या, म्हणजे अण्णांच्या, फोटोसाठी आली होती, तेव्हाचं सांगतो. तिघंही शहाणीसुरती, नातवंडं असलेली. जोडीदारानं अगदी गरीब तोंड करून विचारलं, "अण्णांच्या मिशा कशा होत्या?"

थोरला म्हणाला, "विंचवाच्या नांगीवानी. वर."

धाकटा म्हणाला, "खाली होत्या. मला चांगलं आठवतंय."

"तुला काय आठवतंय? अण्णा गेले तवा तू पाळण्यात मुतत हुतास!"

"आन् तू तर मामाच्या गावाला हुतास! मातीला तरी आलास का येळेवर?"

थोरला ताडकन उठला. बहिणीनं पदर धरला. मी स्टूल उचलून आत ठेवलं, कारण ते माझं होतं. जोडीदार मात्र कॅमेऱ्यामागं डोळा लावून मांजरासारखा बसलेला. थोरल्यानं बोट उगारलं, मान तिरपी केली, डोळे बारीक केले, आणि जोडीदार ओरडला, "हलू नका! आले!" खाडकन फोटो. पडद्यावर दाखवला तर बहीण एकदम खाली बसली. "अगं बया," म्हणाली, "अण्णाच की." मग तिघंही रडली आणि एकाच मोटारसायकलीवर बसून गेली. मिशीचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. जोडीदारानं एक बाजू वर आणि एक खाली ठेवली. दोघांनाही पटली.

आता उरलं धड. ते माझं. मी अंगानं भरलेला, पाठीचा ताठ, आणि फेटा मला शोभतो. हे मी सांगत नाही, लोक सांगतात. धोतर-फेटा घालून मी त्या खुर्चीत गुडघ्यावर हात ठेवून बसायचं, तो फोटो काढायचा आणि माझं मुंडकं काढून तिथं ज्याचं त्याचं बसवायचं. आज जळकोटपासून अणदूरपर्यंत कितीतरी घरांच्या भिंतींवर मी बसलेलो आहे. वर तोंड कुणाचंही असो, हार माझ्याच गळ्यात पडतात. आमची घरधनीण म्हणते, "एवढ्या उदबत्त्या तर रामलिंगालाबी मिळत नसतील." अडचण एकच. माझी उजवी करंगळी सायकलीच्या चेनमध्ये सापडून वाकडी झालेली आहे. अणदूरला एका घरी गेलो होतो. तिथल्या बाईनं चहा दिला आणि माझ्या हाताकडं बघत म्हणाली, "तुमचा हात कुटंतरी बगितल्यावानी वाटतोय." मी मान वर केली तर भिंतीवर तिचा सासरा, आणि त्याच्या गुडघ्यावर माझी करंगळी. चहा मी डाव्या हातानं संपवला.

असा आमचा धंदा चार वर्षं चांगला चालला. मग पोरानं नवं घर बांधलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब लागले. त्यांच्या खाली सुनेनं माझ्या आईचा फोटो लावला आणि शेजारी एक खिळा ठोकून म्हणाली, "मामा, आज्याचा फोटो कवा आणताव? एवढ्या लोकांचे बाप करताव तुमी."

माझा बाप मी नऊ वर्षांचा असताना गेला. या हायवेवर खडी फोडायचा. माझ्या घरच्यांत त्याला बघितलेलं आता कुणी राहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं तोंड आठवत नाही. मी नेहमी त्याच्या मागून चालायचो, त्यामुळं मला आठवते ती पाठ आणि खांद्यावरचा हातोडा. तोंड बघितलेला आणि ध्यानात ठेवलेला या जगात एकच माणूस उरलाय, तो म्हणजे आमचा जोडीदार. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याचं घर मोठ्या शेतकऱ्याचं, आमचं खडी फोडणाऱ्याचं, आणि त्यानं आमच्या ताटात जेवणं त्याच्या आज्याच्या काठीला मान्य नव्हतं. तरी तो यायचा आणि जेवायचा. जोडीदार आता पंचाहत्तरीला टेकलाय, मधूनच चष्मा कुठं ठेवला ते विसरतो. एक दिवस हे तोंडही चष्म्यासारखं कुठंतरी ठेवून विसरला, तर माझा बाप कायमचा गेलाच.

मी कुणाकडं काही मागत नाही. त्याच्याकडं मागितलं. तो कंप्युटर पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "तुज्या बापाचा न्हाय करनार."

"का?"

"म्या त्यान्ला बगितलंय. न बगितलेल्याचा करता येतो, चुकला तरी आपल्याला कळत न्हाय. ह्यो चुकला की मला कळंल."

"सगळ्या तालुक्याचे बाप केलास, आन् माझा जड झाला व्हय?"

"व्हय. जड हाय."

मी उठलो, फेटा खुंटीवरून काढून बगलेत मारला आणि म्हणालो, "मग आजपास्नं माझं धड मिळनार न्हाय."

वीस दिवस मी दुकानात गेलो नाही. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसून चहा घ्यायचो आणि दुकानाकडं बघायचं नाही असं ठरवून बघायचो. त्यानं हार मानली नाही. स्वतःच फेटा बांधून खुर्चीत बसला आणि स्वतःचंच धड काढलं. पण जोडीदार म्हणजे शेवग्याची शेंग. एका नामांकित पैलवानाचं मुंडकं त्यानं त्या धडावर बसवलं. पैलवानाचा मुलगा फोटो घेऊन सगळ्या बाजारातून ओरडत आला. "माझ्या बापाला काय कावीळ झालती का? बाकीच्यांच्या बापान्ला देताव ते धड कुटं गेलं?" मला आतून किती बरं वाटलं, ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडीदार दारात उभा. कॅमेरा नाही, काही नाही, रिकामा.

"धड दे," म्हणाला.

"बाप दे," मी म्हणालो.

"आरं लेका, हट्ट का करायलास? जमनार न्हाय म्हनलं ना."

"मग जा! पैलवानाच्या पोराला सांग जमनार न्हाय म्हणून! आमच्यात जेवला, आमच्या वट्यावर लोळला, आन् आज माझ्या बापाचं एक तोंड देता येत न्हाय तुला? नीघ!" मी हात लांब करून रस्ता दाखवला.

तो निघाला नाही. तो माझ्याकडं असा बघायला लागला की माझाच हात खाली आला.

"परत बोल," तो म्हणाला.

"काय?"

"तेच. परत चीड. आत्ता आलते. भुवईपशी आलते." त्यानं गळ्याकडं हात नेला, तिथं कॅमेरा नव्हता. "आरं चीड ना भाड्या!"

आता कुणी 'चीड' म्हटल्यावर चिडता येतं का? मला हसू आलं. तो ओट्यावर मटकन बसला आणि म्हणाला, "गेले." मग घरधनीण चहा घेऊन आली. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "चल. बस खुर्चीत. बगू."

तेव्हापासून गिऱ्हाईक नसेल त्या दुपारी आमचं हे काम चालतं. धड माझंच, पण या वेळी फेटा नाही. "त्यान्ला फेटा कुटला? टावेल बांधायचे," म्हणाला. डोळे माझ्या पोराचे घेतले, कान माझे. बाकी सगळं तो आठवून काढतो. एक एक गोष्ट सरकवतो आणि सरकवता सरकवता बोलतो. कपाळ करताना त्यानं सांगितलं की खडीची कपची उडून बापाच्या डाव्या भुवईवर खोक पडली होती. मला ठाऊक नव्हतं. ओठ करताना सांगितलं की वरचा एक दात पडलेला होता, म्हणून हसताना तोंडावर हात आडवा धरायचे. तेही ठाऊक नव्हतं. आणि एकदा गालाचं हाड नीट बसेना, तेव्हा मध्येच माऊस सोडून म्हणाला, "मला सुकाट-भाकर खाऊ घालायचे आन् मग कडूलिंबाचा पाला चावाया लावायचे. घरी वास गेला तर आज्याचा मार बसंल म्हनून. म्या तोंड वाकडं केलं की सोता बी चावायचे, माज्यासंगं." एवढं बोलून तो चष्मा पुसत बसला. मी हायवेकडं बघत बसलो.

मागच्या आठवड्यात त्यानं मला हाक मारली. खुर्ची कंप्युटरपासून मागं सरकवून हाताची घडी घालून बसला होता. "झालं," म्हणाला. "ये. हेच हायत. आता म्या हात लावत न्हाय."

मी बघितलं. टॉवेल बांधलेला, माझ्या पोराहून थोडाच मोठा माणूस. भुवईवर खोक. तोंड मिटलेलं. चांगला माणूस वाटत होता. पण ओळख पटली म्हणावं, तर ज्याच्याशी पडताळायचं ते माझ्याजवळ काहीच नव्हतं. जोडीदार माझ्या तोंडाकडं बघत होता. मी 'हो' म्हटलं की फोटो छापणार, फ्रेम होणार, सून हार घालणार. आणि जोडीदार उद्या दुपारपासून दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला लागणार. बापाबद्दल बोलायला मग त्याला काय कारण?

"नाक चुकलंय," मी म्हणालो.

आयुष्यात मी खोटं फार कमी बोललोय. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. नऊ वर्षांच्या पोराला बापाच्या नाकाचं किती आठवत असेल, हे त्याच्यासारख्या माणसाला काय कळत नसणार? मग खुर्ची पुढं ओढून तो पडद्याशी वाकला.

"बरं झालं बोललास," म्हणाला. "मलाबी वाटतच हुतं. बस हितं. आरं, नाकावरनं आठवलं, एकदा तुजे वडील आन् म्या येडशीच्या ठेसनावर गेलतो..."

मी स्टूल ओढून घेतलं.