अक्कांची हाळी

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, अक्कांचा, आवाज ही आमच्या घरची स्थावर मालमत्ता आहे. द्राक्षांत साखर भरू लागली की त्या उजाडायच्या आत बागेत हजर असतात. पाखरांचा थवा बागेवर उतरू लागला की त्यांचा उजवा हात वर जातो आणि अशी हाळी निघते की शेजारच्या बागेतली पाखरंसुद्धा उठतात. मी नाशिक शहरातून या घरात आले. पहिल्याच वर्षी त्या हाळीने माझ्या हातातली कपबशी फुटली, हे मला अजून ऐकवलं जातं.

आमचं गाव नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीला लागून. हिवाळ्यात तिथे लांबलांबून बदकं उतरतात, पण आमच्या लेखी ती सगळी सरसकट पाखरं, म्हणजे हाकलायची गोष्ट. मग ग्रामसभेत ठरलं की पाणथळ राखायची तर आधी तिची ओळख हवी, आणि सहलींना पक्षी दाखवायचं काम गावातल्या बायकांनीच शिकावं. शिकवायला नाशिकहून एक तरुण मुलगी येऊ लागली. आम्ही दोघी जावांनी नावं दिली. मी आपली गंमत म्हणून. अक्कांचं तसं नव्हतं.

एकदा भाकऱ्या थापता थापता त्या मला म्हणाल्या, "मला उभ्या जन्मात कुनी काय इचारलं नाय गं. जेवायला काय केलंय, एवढंच. एकदा कुनी 'बाई, हे काय?' म्हणून इचारावं, असं लय वाटतं."

एरवी माझी जीभ गप बसत नाही, पण त्या दिवशी मी चेष्टा न करता पुढची भाकरी तव्यावर टाकली.

शिकण्यात त्यांनी मला केव्हाच मागे टाकलं. थापट्या, चांदवा, शेकाट्या अशी नावं त्या गोठ्यातसुद्धा घोकायच्या. म्हशीलाही पाठ झाली असतील. शेवटी एकच परीक्षा उरली. येवल्याच्या एका शाळेची सहल येणार होती. ती अक्कांनी नीट सांभाळली की काम पक्कं.

त्या सकाळी सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. मुलं काठावर ओळीने उभी होती, समोर थापट्या बदकांचा थवा चोचीने पाणी चाळत फिरत होता, आणि अक्का चक्क कुजबुजत बोलत होत्या. तेवढ्यात मागच्या द्राक्षबागांवरून नवा थवा आला, आमच्या डोक्यांवरून अगदी खालून. पंखांचा आवाज झाला मात्र, अक्कांचा उजवा हात वर गेला. पुढे काय होणार ते मी ओळखलं, पण त्यांना धरेपर्यंत व्हायचं ते झालं.

"हाऽऽ हुर्र्र!"

अख्खी पाणथळ उठली. मुलांनी टाळ्या पिटल्या. शिकवणाऱ्या मुलीने डोळेच मिटून घेतले. मला हसू आवरेना, आणि मग अक्कांचा चेहरा पाहून माझाच राग आला. तोंडाला पदर लावून त्या रिकाम्या पाण्याकडे बघत होत्या. काम गेलं, असंच आम्हा दोघींना वाटलं.

पण अक्का हटल्या नाहीत. पदर खोचून त्या मुलांकडे वळल्या.

"पोरांनो, मी चुकले. बागेतली सवय हाय ही. आता ती पाखरं माघारी येईस्तोवर कुनी बोलायचं नाय. मी बी नाय."

त्या स्वतः आधी खाली बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. सगळी मुलं बसली. शिकवणारी मुलगीही पलीकडच्या टोकाला मुलांत जाऊन बसली. एकाने आलेली शिंक रुमालात जिरवली. गप्प बसण्याची सर्वांत मोठी शिक्षा अर्थात मलाच झाली.

बऱ्याच वेळाने एक लांब पायांचा पक्षी काठाशी उतरला. मग दोन बदकं, मग आणखी. अक्कांच्या शेजारची एक शाळकरी मुलगी हळूच वाकली.

"बाई, ते तांबड्या पायांचं काय आहे?"

अक्कांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी बाई उभ्या असतील, असं त्यांना वाटलं. मागे फक्त गवत होतं.

मी त्यांना कोपराने ढोसलं. "अक्का, तुम्हालाच विचारतेय ती."

"शेकाट्या," अक्का ओठ जेमतेम हलवत म्हणाल्या.

पलीकडून शिकवणाऱ्या मुलीने मला खुणेनेच सांगितलं, काम पक्कं. मी ते अक्कांच्या कानात सांगितलं. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ते पुसायला त्यांनी मांडीखालचा हात काही काढला नाही.